उंबऱ्यावरचं मीठ

ती कोणाच्याही घरी गेली की आत पाऊल टाकण्याआधी दाराबाहेरच्या चपला बघायची. बायकांच्या किती, पुरुषांच्या किती, कोणत्या भिंतीशी नीट लावलेल्या, कोणत्या भिरकावलेल्या. मग आत येऊन घरातल्या बाईला हळूच म्हणायची, "मोठ्या जाऊबाई आल्यात वाटतं, आणि आज काहीतरी बिनसलंय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. त्यामुळे लोक तिला चहाला बोलवायचे कमी आणि बिचकायचे जास्त.

तुम्हा दोघा नातवंडांना ती आठवते का, मला शंका आहे. तुम्ही लहानपणी एकदा सुट्टीत ठाण्याला आला होतात, तेव्हा एक उंच, किडकिडीत, पांढरे केस कापलेली बाई आपल्याकडे आली होती. तिने तुम्हाला चॉकलेट दिलं नाही, गालाला हात लावला नाही. तिकडे शाळेत डबा खाताना तुमच्या शेजारी कोण बसतं, आणि ते कोण ठरवतं, एवढंच विचारलं आणि तुमची उत्तरं लिहून घेतली. तीच ती. आम्ही दोघी एकाच वर्षी एकाच कॉलेजात लागलो. मी इंग्रजी शिकवायचे, ती समाजशास्त्र. पण तिचा जीव मानववंशशास्त्रात होता. माणसं एकत्र राहतात म्हणजे नक्की काय करतात, हे जवळून, वर्षानुवर्षं बघत बसण्याचं ते शास्त्र. आमच्या दोघींत एक कपाट होतं. माझ्या कप्प्यात पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली असायची, आणि तिच्या कप्प्यातून सुकटीचा वास यायचा, कारण ज्या गावात ती जायची तिथल्या बायका तिला वाळवलेली मासळी पुड्यांत बांधून द्यायच्या आणि ती घरी न्यायला विसरायची.

ती शाईने कधी लिहीत नसे. पर्समध्ये टोक केलेल्या तीन पेन्सिली आणि एक खोडरबर. तिचं म्हणणं, शाईने लिहिलं की माणूस हट्टाला पेटतो. वहीत प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला तिने एक रकाना आखलेला असे, त्यात एकच शब्द वारंवार दिसायचा: विचारणे. जे डोळ्यांनी पाहिलं ते डावीकडे. त्याचा अर्थ काय, हे ज्यांनी केलं त्यांना विचारल्याशिवाय उजवीकडे काही लिहायचं नाही.

तिला सर्वांत राग यायचा तो 'पूर्वी' या शब्दाचा. स्टाफरूममध्ये कोणी सहज म्हटलं, की पूर्वी मुली अशा नव्हत्या, की ती मान वर करून विचारायची, "पूर्वी म्हणजे कधी? तुमच्या लग्नाआधी की नंतर? कुठल्या गावात? तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?" समोरचा माणूस गोंधळून विषय बदलायचा. आमच्या प्राचार्यांनी एकदा स्नेहसंमेलनाच्या भाषणात आपली पूर्वापार संस्कृती असे शब्द वापरले. पहिल्या रांगेत बसलेली ती पेन्सिल काढू लागली, तसे ते चटकन समारोपाकडे वळले.

आमचे हेडक्लार्क कल्याणचे, बौद्ध, चाळीत वाढलेले, तोंडाने फटकळ. तिच्याशी त्यांचं चांगलं जमायचं. एकदा सगळ्यांसमोर ते तिला म्हणाले, "मॅडम, तुम्ही दर रविवारी त्या खाडीकडेच का जाता? नौपाड्यात काय माणसं राहत नाहीत? त्यांच्या पण चालीरीती असतील की. एकदा तिथे पण जा ना वही घेऊन." सगळे हसले. ती हसली नाही. तिने ते लिहून घेतलं, आणि पुढच्या रविवारी सकाळी नऊला नौपाड्यात आमच्या दारात उभी राहिली.

चार तास ती आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होती. मी तिला विसरून कामाला लागले, हीच तिची हातोटी होती. जाताना तिने मला कागद दाखवला. आमच्या स्वयंपाकघराचा नकाशा. देव कुठे, पाणी कुठे, कोण कुठपर्यंत येतं, हे सगळं बाणांनी दाखवलेलं. खिडकीच्या गजाला अडकवलेला एक कप तिने काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं: 'भांडीवाल्या बाईंचा. धुतल्यावरही इतर कपांत ठेवत नाहीत. विचारणे.'

मला फार राग आला. मी वर्गात समतेवर, न्यायावर तासच्या तास बोलणारी बाई. मी तिला म्हटलं, तुला आमचं घर असं दाखवायचं होतं का? ती म्हणाली, "मी काही म्हटलंय का? मी फक्त लिहिलंय." ती गेल्यावर माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, म्हणाल्या की दुसऱ्यांच्या घरात इतकं बघते, हिच्या घरात आरसा नाही वाटतं. दुसऱ्या दिवशी मी तो कप रॅकमध्ये इतरांबरोबर ठेवला. संध्याकाळी तो परत खिडकीला होता. आठवडाभर तो कप रॅक आणि खिडकी यांच्यामध्ये फिरत राहिला. शेवटी मी घरातले सगळेच कप बदलून टाकले. हे मी तिला कधी सांगितलं नाही, पण पुढच्या खेपेला आल्यावर तिने खिडकीकडे पाहिलं, मग रॅककडे पाहिलं, आणि चहा दोनदा मागून घेतला.

आता तिच्या गावाबद्दल सांगते. कोलशेतच्या बाजूला खाडीला लागून आगरी लोकांची जुनी वस्ती आहे. ती खोपटला राहायची, तिथून बस पकडून दर रविवारी जायची. ती जायला लागली तेव्हा तिथे मिठागरं होती, आणि गावातले बरेच लोक मीठ पिकवायचे, थोडी भातशेती, थोडी मासेमारी. पुढे मिठागरं बंद पडली, कारखाने आले, मग कारखान्यांच्या जागी तीस-तीस मजल्यांच्या इमारती आल्या. ज्यांचे बाप डोक्यावरून मीठ वाहत होते ते रेती आणि सिमेंट पुरवू लागले, खोल्या बांधून भाड्याने देऊ लागले. हळहळणाऱ्यांना ती म्हणायची, गाव मेलेलं नाही, गावाने स्वतःला भाड्याने दिलंय, आणि मालक अजून मागच्या खोलीत राहतात.

त्या गावात चांगुणाआजी होत्या. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केलेलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या धवलारीण होत्या. त्या लोकांत लग्न लावायला भटजी लागत नसे, एक जाणती बाई लागायची. मांडव घालण्यापासून लेक सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीची वेगळी, लांबलचक गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात. ती गाणारी आणि लग्न लावणारी बाई ती धवलारीण. चांगुणाआजींना शेकडो धवले पाठ होते, एकही अक्षर वाचता येत नव्हतं. ती त्यांच्या पायाशी बसायची, आणि एक शब्द कळला नाही तर तीन रविवार तोच शब्द विचारायची. चांगुणाआजी तिला मास्तरीण म्हणायच्या. एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "या मास्तरनीला लगीन करायचा नाय, पन लग्नाचा सगला पाहिजे." ती इतकी मोकळेपणाने हसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

आणि आता माझी चूक. ती सांगण्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले आहे.

साधारण तीस वर्षांपूर्वी तिने त्या गावातल्या लग्नविधींवर एक छोटी पुस्तिका काढायची ठरवली. वह्या तिच्या, पण तिची वाक्यं म्हणजे नुसते तुकडे. 'सुपात तांदूळ. मामी उजवीकडे. मुलगी रडत नाही.' असं. त्याची सरळ वाक्यं करून स्वच्छ प्रत काढायचं काम मी मागून घेतलं, कारण मला नीटनेटकेपणाची आवड आणि माझं मराठी तिच्यापेक्षा गोळीबंद, असं मला वाटायचं. एका लग्नाच्या टिपणात शेवटी होतं: 'मुलगी निघताना उंबऱ्यावर मीठ पसरलेले. बायका म्हणतात, मिठावरून जा, मिठावरून. विचारणे.'

मी ते वाचलं आणि हरखून गेले. मीठ पिकवणारे लोक, माहेरचा उंबरा, निघालेली लेक. इतकी सुंदर प्रतिमा मला कवितेतही सापडली नव्हती. शेवटचा शब्द मी गाळला. स्वच्छ प्रतीत मी लिहिलं, की खाडीकाठच्या या समाजात लेक सासरी निघताना माहेरच्या उंबऱ्यावर मीठ पसरण्याची पूर्वापार रीत आहे. होय, पूर्वापार. तिला त्या महिन्यात टायफॉइड झाला होता. प्रुफं तिने अंथरुणात, एकशेतीन तापात वाचली आणि सही करून परत पाठवली. पुस्तिका छापून आली, पाच-पन्नास लोकांनी वाचली, उरलेल्या प्रती तिच्या पलंगाखाली गेल्या. मी ते वाक्य कधीमधी मनात घोळवायचे, आपलंच म्हणून.

आम्ही दोघी निवृत्त झालो. तिचे गुडघे गेले, तरी रविवार चुकला नाही. मी सोबत जायला लागले, बसऐवजी रिक्षाने. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चांगुणाआजींची नात प्रणाली ऐरोलीला एका कंपनीत नोकरीला होती, तिचं लग्न ठरलं, मुलगा डोंबिवलीचा. तोपर्यंत गावातली लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली होती. भटजी, डीजे, ड्रोनवाला. चांगुणाआजींना कोणी बोलावत नव्हतं असं नाही, बोलवायचे, पण हळदीला दोन गाणी म्हणायला, व्हिडिओसाठी. लग्न लावायला नाही.

प्रणालीला कोणीतरी त्या पुस्तिकेच्या पानांचे फोटो मोबाइलवर पाठवले होते. तिने ती रात्रीतून वाचून काढली आणि जाहीर केलं, की माझं लग्न आजीच लावणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्या अंगणात. तिच्या वडिलांनी नाही म्हणून सांगितलं. ते चांगुणाआजींचे मोठे चिरंजीव, सिमेंटचा धंदा, गावात वजन. त्यांचं म्हणणं, लोक हसतील, पाहुणे काय म्हणतील, नवऱ्याकडच्यांना हे चालेल का. आईला त्रास नको, असंही म्हणाले. प्रणालीने दोन आठवडे हट्ट धरून ठेवला. शेवटी तिने त्यांना ते मिठाचं पान वाचून दाखवलं. तिच्या तोंडून मी हे ऐकलं ते असं. "मॅडम, बाबांनी ते मला परत वाचायला लावलं. मग बोलले, माझ्या बापाने आयुष्यभर मीठ ओढलं, आणि हे मला माहीतच नव्हतं. लावू दे आईला लग्न. पण ते मीठ झालं पाहिजे, समजलं ना? मीठ पाहिजेच."

तिने हे आम्हाला सांगितलं तेव्हा हिच्याकडून मागून घेतलेली पुस्तिका हातात घेऊन ती आमच्यासमोर बसली होती. मी भारावून गेले होते. माझं वाक्य एका घरात पोचलं होतं. शेजारी बघते तर ही पुस्तिका तिच्याकडून घेऊन तेच वाक्य परत परत वाचतेय. प्रणाली बाहेर निघून गेल्यावर ती उठून मागच्या पडवीत गेली, जिथे चांगुणाआजी सुपात बोंबील निवडत बसल्या होत्या. मीही मागे गेले. तिने विचारलं, की लेक निघताना उंबऱ्यावर मीठ घालतात ते कुठलं, जाडं की बारीक, आणि कोणी घालायचं?

"कंचा मीठ?" चांगुणाआजी म्हणाल्या.

तिने कुठल्या लग्नात पाहिलं ते सांगितलं, मुलीचं नाव, घर, वर्ष. चांगुणाआजी जरा वेळ आठवत राहिल्या. मग बोंबील खाली ठेवून त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

"अगो, त्या लग्नान उंबऱ्यावर तेल सांडला व्हता. अख्खा डबा. नवऱ्याची आयस ही येवढी मोठी, ती पडली असती त वरात तितंच राहिली असती. राख मिलाली नाय, मंग मी दारातल्या गोनीतला मीठ टाकला. आनि सगल्यांना सांगितला, मिठावरना जा. तू ता लिवून ठेवलास?"

परतीच्या रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. मी तिच्याबरोबर खोपटला वर गेले. तिने पलंगाखालून वह्यांची ट्रंक ओढली आणि ते पान काढलं. पेन्सिल फिकट झाली होती, पण उजव्या रकान्यातला शब्द स्वच्छ दिसत होता.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, तू विचारणार होतीस. तो शब्द मी गाळला. वाक्य माझं आहे.

"प्रुफं मी वाचली होती."

"तापात वाचली होतीस."

"सही कोणाची आहे?"

मग आम्ही भांडलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. माझं म्हणणं होतं की गप्प राहावं. कोणाचं नुकसान आहे? मुलगी खूश आहे, बाप वळला आहे, चांगुणाआजींना बहुधा हे शेवटचं लग्न लावायला मिळतंय. मीठ टाकून मोकळे होतील. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, की त्या पोरीने माझ्यावर विश्वास ठेवून बापाशी वाद घातलाय. तिला मी दिलेली बाकीची पानं खरी आहेत. हे एक खोटं ठेवलं तर बाकीच्यांना मी खरं कुठल्या तोंडाने म्हणू? मी म्हटलं, सांगितलंस तर लग्न हॉलमध्ये जाईल, आणि चांगुणाआजी दोन गाणी म्हणून खुर्चीवर बसून राहतील. ती म्हणाली, हो, तसं होईल कदाचित.

आठवडाभर तिने फोन उचलला नाही. पुस्तिकेतलं प्रत्येक वाक्य ती वह्यांशी ताडून बघत होती. रविवारी तिच्या हातातल्या प्रतीत प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीची बारीक खूण होती. फक्त एका वाक्यापुढे नव्हती.

प्रणालीच्या घरी सगळे बसले होते. नव्या घराच्या पुढच्या खोलीत संगमरवर, मोठा टीव्ही, आणि कोपऱ्यात जमिनीवर चांगुणाआजी, कारण सोफ्यावर त्यांना बसवत नसे. हिने उभ्यानेच सांगितलं. हे मिठाचं वाक्य चुकीचं आहे. तेल सांडलं होतं म्हणून मीठ टाकलं होतं. मी न विचारता छापलं, चूक माझी. मी शेजारी उभी होते. मी तोंड उघडलं, तसा तिने माझ्याकडे न बघता माझा हात दाबला, आणि मी गप्प बसले. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

प्रणालीचे वडील आधी हसले. मग चेहरा बदलला. "म्हणजे बापाच्या नावाने मी चार लोकांना सांगत सुटलोय, आमच्यात असं असतं, तसं असतं. आणि ते सांडलेलं तेल? मॅडम, तीस वर्षं आमच्याकडे भाकरी खाल्लीत तुम्ही. एकदा विचारायचं ना."

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

प्रणाली रडायला लागली होती. तिने विचारलं, मग यातलं खरं काय आहे? हिने खुणा केलेली पुस्तिका तिच्या हातात दिली. म्हणाली, "खूण केलेलं प्रत्येक वाक्य मी पाहिलंय आणि तुझ्या आजीला विचारलंय. तू स्वतः परत विचार."

पण वडिलांनी मोबाइल काढला होता. हॉलवाल्याला ते आत्ताच सांगून टाकणार होते, भटजीलाही. तेवढ्यात कोपऱ्यातून चांगुणाआजींनी लेकाला हाक मारली.

"तुजा लगीन कोनी लावला?"

"तू."

"मोडला कं?"

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून उभी होती. ती फुसकन हसली, मग तिला आवरेना. वडील बायकोकडे बघत राहिले, मग आईकडे. मोबाइल त्यांनी खिशात ठेवला नाही, टीव्हीसमोरच्या टेबलावर पालथा ठेवला. "लाव तू," ते म्हणाले. "पण ते मीठबीठ काही नको. आमची अजून शोभा नको."

लग्न अंगणात झालं. दोन दिवस चांगुणाआजी गात होत्या. माइक त्यांनी घेतला नाही. आवाज मध्येच फाटायचा, त्या थांबायच्या, पाणी प्यायच्या, आणि जिथे सोडलं तिथून पुढे. डोंबिवलीकडच्या काही बायका पहिल्या दिवशी मोबाइलवर बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या दोघी म्हाताऱ्या पुढे सरकून बसल्या आणि ओळीचा शेवट उचलायला लागल्या. त्यांनाही येत होतं. त्यांना कोणी इतकी वर्षं विचारलंच नव्हतं. मागच्या टॉवरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघत होते. ही नेहमीसारखी दाराजवळ, पाठ भिंतीला लावून, जमिनीवर बसली होती, आणि मी तिच्या शेजारी खुर्चीवर. गुडघे दुखत असणार, पण दोन्ही दिवस ती जागची हलली नाही.

मुलगी निघायची वेळ झाली. दारात गर्दी झाली, फोटोवाला सगळ्यांना मागे सारत होता. प्रणाली उंबऱ्याशी आली. तेवढ्यात चांगुणाआजी गर्दीतून पुढे झाल्या. त्यांच्या पदराला गाठ होती. त्यांनी ती सोडली, मूठ भरली आणि उंबऱ्यावर जाडं मीठ पसरलं. एक मूठ, मग दुसरी.

"आई, हे काय?" प्रणालीचे वडील म्हणाले. "नको बोललेलो ना मी?"

चांगुणाआजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तेल सांडलाय," त्या म्हणाल्या. "पोरीचा पाय घसरंल." मग नातीच्या पाठीवर हात ठेवून, "मिठावरना जा गो बाय, मिठावरना."

सगळ्यांनी खाली पाहिलं. प्रणालीने आजीकडे पाहिलं, मग पाऊल टाकलं. मीठ तिच्या पायाखाली करकरलं. तिच्या वडिलांनी वरच्या खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला.

वरात अंगणाबाहेर गेल्यावर ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. उंबऱ्याशी गेली. खूप प्रयत्नाने वाकली, मीठ बाजूला सारून लादीवर बोट फिरवलं, आणि ते बोट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग पर्समधून पेन्सिल काढली.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती तिने स्वतःच्या पैशाने काढली. गेल्या वर्षी ती गेली, त्याच्या आधी काही महिने ही आवृत्ती छापून आली होती. टाइप मीच केली. मी तिला म्हटलं, निदान इथे तरी लिही की पहिल्या आवृत्तीतलं ते वाक्य तुझं नव्हतं. ती म्हणाली, सही माझी होती, एका पुस्तकात दोन चुका कशाला. त्या जुन्या वाक्याच्या जागी तिने मला एक तळटीप सांगितली आणि बजावलं, की एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, शोभेसाठी तर नाहीच. मी केला नाही. तुम्हाला पाठवलेल्या प्रतीत ती आहे, पण तुमचं मराठी वाचन हळू आहे म्हणून इथे जशीच्या तशी उतरवते:

'पहिल्या आवृत्तीत या ठिकाणी दिलेली माहिती चुकीची होती. ती लेखिकेने न विचारता छापली. त्या लग्नात मीठ टाकले होते ते उंबऱ्यावर तेल सांडले म्हणून. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी याच गावातल्या एका लग्नात, लेक सासरी निघताना धवलारणीने उंबऱ्यावर मीठ पसरलेले लेखिकेने पाहिले. विचारले असता तिने कारण तेच सांगितले. तेल सांडलेले नव्हते.'